किंमत उतरते, खर्च उतरत नाही

पुढे इंजिन, मधे माणसे आणि मागे सामानाची स्वतंत्र डिकी अशा तीन कप्प्यांच्या मोटारीला सेडान म्हणतात. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी असो की बंगालमधल्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडर, भारतीय घरांनी दीर्घकाळ जिला मोटार मानले ती याच आकाराची होती. गेल्या दहा-बारा वर्षांत ग्राहकांचा ओढा उंच बैठकीच्या एसयूव्हीकडे इतक्या वेगाने वळला, की या घराण्यातल्या मोठ्या, ऐसपैस गाड्या नव्या मोटारींच्या दालनांतून जवळजवळ दिसेनाशा झाल्या. टोयोटा कोरोला अल्टिस आणि होंडा सिव्हिक २०२० मध्ये थांबल्या. स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आणि सुपर्ब २०२३ मध्ये, प्रदूषण नियमांचा पुढचा टप्पा लागू होत असताना, बंद झाल्या. सुपर्ब पुढल्या वर्षी परतली ती पूर्ण तयार अवस्थेत आयात होऊन, मोजक्या संख्येने आणि पन्नास लाखांच्या वर किंमत घेऊन.

वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात मात्र या सेडान अजून भरपूर आहेत. ज्या कुटुंबाची ऐपत नवी छोटी हॅचबॅक घेण्याची आहे, त्याला तेवढ्याच पैशांत आठ-दहा वर्षांची सुपर्ब मिळू शकते आणि पुणे, नाशिक, ठाणे अशा शहरांत अनेक घरांत हा मोह सध्या गंभीरपणे चर्चिला जातो. मोह रास्त आहे, कारण वृद्ध आईवडिलांना बसा-उतरायला बेताची उंची, मागे पाय पसरण्याइतकी जागा आणि महामार्गावर ताशी शंभरच्या वेगातही घरात बसल्यासारखी शांतता या तिन्ही गोष्टी एकत्र देणारा दुसरा प्रकार त्या किमतीत नाही. मात्र अशी गाडी पारखताना एक गोष्ट आरंभीच मनाशी पक्की करावी लागते: घसाऱ्याने उतरते ती गाडीची किंमत, तिच्या सुट्या भागांची नव्हे. तीस लाखांची गाडी सहा लाखांना मिळाली, तरी तिचा गिअरबॉक्स, तिचे दिवे आणि तिचे शॉक ॲब्सॉर्बर तीस लाखांच्या गाडीचेच राहतात. म्हणून येथे पारख म्हणजे गाडी चांगली की वाईट एवढाच निवाडा नव्हे; पुढल्या तीन-चार वर्षांत कोणता मोठा खर्च दाराशी येऊन उभा राहणार आहे, याचा तो अंदाज असतो.

शेंद्र्याहून निघालेली गाडी

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाने २००१ मध्ये ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात केली आणि लॉरा, सुपर्ब या तिच्या पुढच्या गाड्याही तेथूनच बाहेर पडल्या, त्यामुळे महाराष्ट्राला हे घराणे परके नाही. पण या मोठ्या गाड्यांचे बहुतेक भाग युरोपातून संचाच्या रूपात येत आणि शेंद्र्यात त्यांची जोडणी होई. संपूर्ण गाडी आयात करण्यापेक्षा अशा संचावर सीमाशुल्क कमी पडत असल्याने किंमत आटोक्यात राही. खरेदीच्या दिवशी ग्राहकाच्या फायद्याची ठरलेली ही व्यवस्था दहा वर्षांनी दुसऱ्या मालकाला वेगळ्या रूपात भेटते. स्थानिक पुरवठादारांकडून बनवून घेतलेल्या भागांचा पर्यायी माल पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या ऑपेरा हाउस भागातल्या दुकानांत सहज सापडतो. सुपर्बचा ब्रेकपॅड किंवा एअर फिल्टर तेथेही मिळतो, पण तिच्या गिअरबॉक्सचे नियंत्रक युनिट किंवा हेडलाइटचा पूर्ण संच हवा झाला, की मागणी नोंदवून वाट पाहावी लागते, नाहीतर भंगारात निघालेल्या गाडीचा भाग शोधावा लागतो.

या कारणाने जाणकार मिस्त्री गाडी पाहण्याआधी तिची नेमकी आवृत्ती विचारतात. एकाच सुपर्बमध्ये पेट्रोलचे १.८ टीएसआय आणि डिझेलचे २.० टीडीआय अशी इंजिने मिळत आणि त्यांच्यासोबतचे स्वयंचलित गिअरबॉक्सही भिन्न असत. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांचे पुढले भवितव्य त्यामुळे अगदी वेगळे असू शकते.

मागच्या डाव्या आसनाची साक्ष

वापरलेल्या गाडीच्या जाहिरातीत सर्वांत ठळक आकडा किलोमीटरचा असतो आणि सर्वांत कमी विश्वासाचाही तोच. गाडीच्या मुख्य फलकावरचा आकडा उपकरण जोडून कमी करता येतो. बाजाराच्या भाषेत याला ‘मीटर मागे करणे’ म्हणतात. तथापि आधुनिक गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांची स्वतंत्र संगणकीय युनिटे असतात आणि त्यांपैकी काही आपापल्या नोंदींबरोबर किलोमीटरही साठवतात. स्टिअरिंगखालच्या निदान-खोबणीत, म्हणजे ओबीडी पोर्टमध्ये, गाडीच्या कंपनीला साजेसा स्कॅनर जोडला की हे आकडे एकमेकांशी ताडता येतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे गाडीच्या क्रमांकावर प्रत्येक भेटीची तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर नोंदलेले असतात. मालकाच्या संमतीने ती यादी मिळवणे ही तपासणीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी पायरी होय.

मोठ्या सेडानच्या बाबतीत मात्र खरा आकडाही अर्धेच सत्य सांगतो. या वर्गातल्या पुष्कळ गाड्या कंपनीच्या नावावर घेतलेल्या आणि पगारी चालकाने चालवलेल्या असतात. साहेबांची बैठक संपेपर्यंत गाडी एसी चालू ठेवून तासन्‌तास उभी असते. चाके फिरत नाहीत, म्हणून मीटर थांबलेले राहते, पण इंजिन चालू असते, त्याचे ऑइल जुने होत असते, एसीचा कॉम्प्रेसर झिजत असतो. ऑइल बदलण्याचे वेळापत्रक किलोमीटरवर पाळले गेले, तर अशा गाडीचे ऑइल प्रत्यक्षात खूप उशिरा बदललेले असते. ही जीवनशैली ओळखण्याची खूण आतच सापडते: चालकाच्या आसनाची कड झिजलेली असणे स्वाभाविक असते, पण मागच्या डाव्या आसनाचे चामडे सुरकुतलेले, त्या बाजूच्या दाराचे हँडल गुळगुळीत आणि पुढचे डावे आसन मात्र कोरे असेल, तर मालक मागे बसत होता हे निश्चित समजावे.

ही माहिती गाडीच्या विरोधातच जाते असे नाही. कंपनीची गाडी वेळच्या वेळी अधिकृत ठिकाणी दुरुस्त होण्याची शक्यता अधिक, कारण बिल खिशातून जात नाही. ‘डॉक्टरांची गाडी, सिंगल ओनर’ या बाजारातल्या लाडक्या वाक्याच्या मागे कागद नसेल, तर त्याहून पूर्ण नोंदी असलेली, दीड लाख किलोमीटर चाललेली कंपनीची गाडी केव्हाही अधिक भरवशाची असते.

पत्रा, रंग आणि पुराचे पाणी

बाह्यांगाची तपासणी दिवसाउजेडी, कोरड्या गाडीवर आणि सावकाश करावी लागते. नुकत्याच धुतलेल्या ओल्या गाडीवर रंगातला फरक लपतो. कारखान्यात चढलेल्या रंगाची जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गॅरेजात पुन्हा रंगवलेला पत्रा त्याच्या बराच पुढे जातो आणि जेथे खड्डा पुट्टीने, म्हणजे मिस्त्र्यांच्या भाषेतल्या ‘लांबी’ने भरला आहे, तेथे मापकाचा आकडा अनेक पटींनी उडी मारतो. दार किंवा बंपर रंगवलेला असणे हा शहरी जीवनाचा भाग आहे आणि त्यावरून गाडी नाकारणे शहाणपणाचे नाही. विचार करायचा तो सांगाड्याचा. बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना दिसणारे ॲप्रन, दारांमधले खांब म्हणजे पिलर आणि डिकीच्या गालिच्याखालचा तळ येथे कारखान्यातल्या यंत्राने पाडलेल्या जोडाचे गोल ठसे सारख्या अंतरावर असतात. हाताने केलेल्या वेल्डिंगला ती शिस्त साधत नाही. पुढच्या मडगार्डच्या बोल्टवरचा रंग चिरलेला असेल, तर तो भाग कधीतरी उतरवला गेला आहे. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातले वर्षाचे चिन्ह इतर काचांशी आणि गाडीच्या वर्षाशी जुळते का, सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेल्या पट्टीवरचे वर्ष जुळते का, हेही पाहावे. गाडीपेक्षा नवा सीटबेल्ट बहुधा जोरदार धडकेनंतर बदललेला असतो.

एअरबॅगच्या दिव्याकडे तर प्रत्येकाने पाहिलेच पाहिजे. चावी फिरवताच तो काही क्षण लागून विझला पाहिजे. लागून राहिला तर दोष उघड आहे, पण मुळीच न लागणे त्याहून धोक्याचे, कारण एकदा फुटलेल्या एअरबॅग न बदलता केवळ झाकण बसवून दिवाच निकामी केल्याची शक्यता तेथे असते. कुटुंबासाठी घेतलेल्या गाडीत ही फसवणूक जिवावर बेतणारी आहे आणि असा दिवा दिसला, की किंमत कितीही खाली आली तरी व्यवहार तेथेच सोडून द्यावा.

पाण्याची कथा महाराष्ट्राला चांगली ठाऊक आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण पाण्याखाली गेले आणि अशा प्रत्येक आपत्तीत असंख्य मोटारी बुडाल्या. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते आणि मालकाला भरपाई देते. पण नोंदणी रद्द न झालेली अशी गाडी अवशेष म्हणून विकली जाऊन, वाळवून, धुऊन, सुगंध फवारून दूरच्या शहरात पुन्हा विक्रीला उभी राहू शकते. सेडानचा तळ जमिनीलगत असल्याने पाणी तिच्यात लवकर शिरते आणि तारांची जुडगी गालिच्याखालून जात असल्याने नुकसान खोलवर पोहोचते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला तर त्याच्या आतल्या भागावर गाळाची रेघ दिसते. आसनाच्या रुळांचे स्क्रू गंजलेले, तारांच्या जोडांवर हिरवट थर आणि गालिच्याखालचा फेस दमट असे एकत्र आढळले, की शंकेला जागा उरत नाही. असे इलेक्ट्रॉनिक दोष एका वेळी प्रकट होत नाहीत. ते पावसाळ्यामागून पावसाळा, एकेक युनिट निकामी करत येतात.

थंड इंजिन आणि दोन क्लच

इंजिनाची परीक्षा ते थंड असतानाच होते. म्हणून भेटीची वेळ सकाळची ठरवून, आपण पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नये अशी विक्रेत्याला विनंती करावी आणि पोहोचताच बॉनेटवर हात ठेवून पाहावा. तो कोमट लागला तर काहीतरी झाकायचे होते असा अर्थ बहुतेक वेळा खरा निघतो. सुरू होताना साखळीचा खडखडाट येतो का, धूर कोणत्या रंगाचा आहे, याकडे लक्ष द्यावे: निळसर धूर ऑइल जळत असल्याचा, काळा धूर इंधन नीट न जळल्याचा आणि गाडी तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर कूलंट इंजिनात शिरत असल्याचा संकेत देतो. २००९ नंतरच्या सुपर्बमधील १.८ टीएसआय पेट्रोल इंजिनाच्या एका पिढीत पिस्टनच्या रिंगांमुळे ऑइल अधिक खर्च होण्याची आणि साखळी ताणून धरणाऱ्या भागाच्या कमजोरीची तक्रार जगभर ओळखीची आहे. मागच्या सर्व्हिसनंतर वरून किती ऑइल घालावे लागले, हा प्रश्न म्हणून थेट विचारावा. डिझेलच्या २.० टीडीआय इंजिनात साखळीऐवजी दाताळ पट्टा असतो. तो ठरलेल्या मुदतीत बदलला नाही आणि चालत्या गाडीत तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन उघडावे लागते. पट्टा बदलल्याचे बिल नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून किंमत ठरवावी.

ओबीडी स्कॅनरने दोषांचे संकेतांक वाचता येतात, पण चतुर विक्रेता ते आदल्या दिवशी पुसून टाकतो. पुसल्यानंतर गाडीला आपल्या काही अंतर्गत चाचण्या पुन्हा पूर्ण कराव्या लागतात आणि त्यासाठी काही काळ विविध वेगांत चालावे लागते. या चाचण्या अपूर्ण असल्याचे स्कॅनर दाखवत असेल, तर कोरी पाटी नुकतीच पुसलेली आहे.

सर्वांत महागडा प्रश्न गिअरबॉक्सचा. स्कोडाचा डीएसजी हा स्वयंचलित गिअरबॉक्स दोन क्लचवर चालतो: एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम, त्यामुळे एक गिअर कामात असताना पुढचा तयार उभा असतो आणि बदल क्षणार्धात होतो. १.८ टीएसआय पेट्रोल सुपर्बमधल्या सात गिअरच्या बॉक्सचे क्लच कोरडे असतात, तर डिझेलमधल्या सहा गिअरच्या बॉक्सचे क्लच ऑइलमध्ये बुडालेले. ऑइल उष्णता वाहून नेते. कोरड्या क्लचला ती सोय नाही. सिंहगड रस्त्यावर किंवा घोडबंदर रस्त्यावर संध्याकाळी मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या रांगेत पहिला-दुसरा गिअर सतत बदलत राहतो, क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. हे गिअरबॉक्स ज्या मोकळ्या रस्त्यांसाठी कल्पिले गेले, त्या रस्त्यांवर गाडी फार थोडी चालते. म्हणून चाचणीची फेरी मोकळ्या रस्त्यावर संपवू नये. गर्दीत, ब्रेकवरून पाय उचलून गाडी नुसती सरकू द्यावी. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर जाणवते का, चढावर रिव्हर्स घेताना गाडी अडखळते का, हे अंगाने टिपावे. ऑइलमधल्या क्लचच्या बॉक्सला दर ६०,००० किलोमीटरला ऑइल व फिल्टर बदलावा लागतो आणि हा खर्च टाळलेल्या गाड्या बाजारात पुष्कळ येतात. क्लचच्या जोडीला मेकॅट्रॉनिक, म्हणजे क्लच व गिअर हलवणारे संगणक आणि तेलदाब यांचे एकत्रित युनिट, बिघडले तर बिल गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा खाऊन टाकते.

ज्यांना ही जोखीम नको, ते टोयोटाच्या कॅम्री हायब्रिडकडे वळतात. बेंगळुरूजवळच्या बिडदीत २०१३ पासून तिची जोडणी होत आली असून तिच्या यांत्रिक भागांची ख्याती खरी आहे. तिची तपासणी मात्र बॅटरीपाशी सुरू होते. ती थंड ठेवणारा पंखा प्रवाशांच्या कक्षातली हवा मागच्या आसनाजवळच्या जाळीतून ओढतो, जाळीवर धूळ आणि कापसाचे तंतू साचले की बॅटरी तापते, आणि ही जाळी कुणी कधी साफ केलेली नसते. पेट्रोलच्या कोणत्याही जुन्या सेडानबाबत आणखी एक भान ठेवावे लागते: २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता सर्वत्र मिळते, पण एप्रिल २०२३ पूर्वीच्या पुष्कळ गाड्या त्यासाठी घडवलेल्या नाहीत, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या आणि जोड तडकलेले नाहीत ना, हे लिफ्टवर गाडी चढवून पाहणे गरजेचे आहे.

पाच माणसे बसवून

कुटुंबाची गाडी एकट्या चालकाने चालवून पाहणे अपुरे आहे. तिसऱ्या पिढीच्या सुपर्बच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर २,८४१ मिलिमीटर आहे. मागच्या प्रशस्त जागेचे रहस्य तेच आणि गतिरोधकावर पोट घासण्याचे कारणही तेच, कारण चाकांमधला लांब तळ उंचवट्यावर टेकतो. पाच माणसे आणि सामान बसवून सोसायटीच्या दारातला गतिरोधक व तळघरातल्या पार्किंगचा उतार ओलांडल्याशिवाय ही अडचण कळत नाही. लिफ्टवर तळाचे संरक्षक आवरण खरवडलेले दिसले, तर आधीच्या मालकालाही ती भेडसावत होती. आजींना मागे बसवावे, त्यांचे गुडघे उतरताना साथ देतात का पाहावे, मधल्या प्रवाशाच्या पायांमधला उंचवटा मुलांना चालतो का विचारावे. खड्ड्यातून जाताना येणारा ‘कट’ असा कोरडा आवाज बहुधा झिजलेल्या बुश, लिंक रॉड किंवा लोअर आर्मचा असतो आणि टायर आतल्या कडेने अधिक झिजलेले असतील, तर त्याला दुजोरा मिळतो. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

कागद

परिवहन विभागाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर गाडी कितव्या मालकाकडे आहे, कर्जाचा बोजा आहे का आणि विमा कधीपर्यंत आहे हे दिसते. थकलेली ई-चलाने वेगळी तपासावीत. बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० भरले जातात. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत विक्री कळवायची आणि खरेदीदाराने ३० दिवसांत नाव चढवून घ्यायचे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५० सांगते. नोंद बदलण्यात झालेली ढिलाई विक्रेत्यालाच महागात पडते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की गाडी हातोहात विकली गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, ज्याचे नाव नोंदणीत आहे. हा निकाल समजावून सांगितला, की विक्रेतेही कागदांसाठी स्वतःहून घाई करतात.

दिल्ली पासिंगच्या स्वस्त डिझेल सेडानचा प्रश्न वेगळा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली आणि त्या भीतीने तिकडच्या गाड्या पडत्या भावात बाहेर पडू लागल्या. २०२५ मध्ये न्यायालयाने कारवाईची धार कमी केली, तरी भावातला फरक दिसतोच. ही गाडी महाराष्ट्रात १२ महिन्यांहून अधिक ठेवायची तर नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र आणून येथे नव्याने नोंदणी करावी लागते, गाडीच्या वयानुसार येथला रस्ता कर भरावा लागतो आणि हे सारे बेरजेत धरले, की स्वस्ताई बरीच वितळते.

जुन्या विम्याचा कागदही नीट वाचावा. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वर्षागणिक चढत जाते. सात-आठ वर्षे एकाच मालकाकडे असलेल्या गाडीच्या पॉलिसीत ही सवलत शून्य दिसली, तर मागच्या वर्षी दावा झाला असण्याची दाट शक्यता आहे आणि तो कशाचा होता हे विचारण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. ही सवलत गाडीची नसून मालकाची असते, त्यामुळे ती विक्रेत्याबरोबर जाते आणि हप्त्याचा फरक नव्या मालकाला भरावा लागतो. तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या नुकसानीचा विमा कायद्याने गाडीसोबत नव्या मालकाकडे येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण तसे आपोआप येत नाही. नाव बदलण्यासाठी विमा कंपनीकडे १४ दिवसांत अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर होईपर्यंत सुपर्बचा एक हेडलाइट जरी फुटला, तरी त्याचे पैसे घरातूनच जातात.